दुसरी गड्डी

जुगाराच्या व्यसनासाठी आलेल्या माणसाची पहिली भेट बहुतेक हिशेबातच जाते. कर्ज किती, कुणाकुणाचं, घरात कुणाला काय माहीत आहे. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारायचं. पार्किन्सन्सची औषधं चालू आहेत का, हेही. त्यातल्या डोपामिनसारखं (मेंदूतलं एक रसायन) काम करणाऱ्या काही गोळ्यांमुळे कधी पत्त्यांना हात न लावलेली माणसंसुद्धा जुगाराकडे ओढली जातात. या गृहस्थांचं तसं काही नव्हतं. ते क्रेन तपासायचे. दोरीची ताकद भाराच्या पाचपट नसेल तर क्रेन जागची हलू द्यायची नाही, हे त्यांचं काम.

त्यांची बायको म्हणाली, "रात्री गॅसचं बटण हे दोनदा बघतात. ह्यांना धोका कळत नाही असं कसं म्हणू, मॅडम?"

तिचा प्रश्न डोक्यात ठेवूनच मी चार गड्ड्यांची चाचणी लावली. १९९४ साली बेचारा, दमासिओ या मेंदू-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांसाठी मांडली. हातात खोटे २००० द्यायचे आणि १०० पत्ते उचलायला लावायचे. पहिल्या दोन गड्ड्या दर पत्त्याला १०० देतात, पुढच्या दोन ५०. पण मधूनच दंड बसतो. दहा पत्त्यांचा हिशेब मांडला तर पहिल्या दोन २५० चा खड्डा पाडतात, पुढच्या दोन २५० वाढवतात. दुसरी गड्डी सगळ्यांत फसवी. दहात नऊ वेळा ती नुसती देत राहते आणि एकदाच १२५० नेते.

यातलं काहीच आधी सांगायचं नसतं. हात शिकतो का, तेवढंच बघायचं.

यांचा हात शिकला. वीस-वीस पत्त्यांचा टप्पा धरून चांगल्या (शेवटच्या दोन) गड्ड्यांतले पत्ते उणे वाईट (पहिल्या दोन) गड्ड्यांतले, असे गुण काढतात. पहिल्या टप्प्यात उणे ४, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात अधिक ८. मी मनात म्हटलं, चला, जमलं. चौथ्या टप्प्याच्या सुरुवातीला त्यांनी पुन्हा एकदा दुसरी गड्डी उघडली आणि १२५० गेले.

एवढा फटका बसला की माणसं थांबतात, खुर्चीत मागे रेलतात, कुणी हसतं. हे पुढे झुकले. माउसवरच्या बोटाचं नख अंगठ्यानं एकदा घासलं आणि पत्त्यांचा वेग वाढला. दुसरी, दुसरी, दुसरी. चौथ्या टप्प्यात उणे ६, पाचव्यात उणे १२.

संपल्यावर मी विचारलं, "आता एकाच गड्डीवर थांबायचं असेल तर कुठली घ्याल?"

"तिसरी किंवा चौथी. थोडं थोडं देतात, पण टिकतं." एका दमात, कामावरचा अहवाल वाचून दाखवावा तसं.

"मग दुसरीच का उचलत राहिलात?"

"तिनं माझे साडेबाराशे नेले ना, मॅडम. तिच्याकडूनच यायला हवेत."

पैसे खोटे होते. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

बेचारांच्याच १९९७ च्या अभ्यासात कुठली गड्डी वाईट ते अचूक सांगणारे आणि तरी तीच उचलणारे रुग्ण आहेत. मी तो कितीदा वाचलाय. पण ते इजा झालेले मेंदू होते. इथे तपासणीत काही न सापडलेला, दिवसभर इतरांचे जीव सांभाळणारा माणूस समोर बसला होता.

अहवालाच्या छापील नमुन्यात मात्र एकाच आकड्याची जागा आहे. पाच टप्प्यांची बेरीज उणे १४, पुढे 'निर्णयक्षमता कमी'. झालं! तिसऱ्या टप्प्यातलं ते अधिक ८ बेरजेत बुडून गेलं. माझ्या मते या माणसाची सगळी केस त्या आकड्यात आहे: त्यांना शिकता येत होतं, गेलेलं सोडता येत नव्हतं. आमचे वरिष्ठ आकडा बघून म्हणाले, "संभाव्यतेचं गणित नीट समजावा त्यांना." चांगले डॉक्टर आहेत, पण हे ऐकून मला राग आला. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तिकेत, जुगाराच्या विकाराचे नऊ निकष आहेत, चार भरले की निदान होतं. हरलेलं परत मिळवायला पुन्हा खेळणं हा त्यातला एक. गणित न येणं हा निकष नाही.

आता जे मनातून जात नाही ते. दाराशी जाऊन ते वळले. "आणखी एकदा देता का? आता कळलंय मला." मी नाही म्हटलं, लॅपटॉप मिटला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. रात्री ते पुन्हा खेळले होते.

चाचणीमुळेच, असं मी म्हणू शकत नाही. त्या आधीच्या आठवड्यातही ते खेळले होतेच. पण ती ओढ माझ्या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर जागी झाली होती आणि मी त्यांना तशीच घेऊन घरी जाऊ दिलं. अर्धा तास बसवून घ्यायला हवं होतं. आता बसवते. चाचणी सकाळी लावते, घरचं कुणीतरी बाहेर थांबलेलं असतं.

पुढच्या भेटीत आम्ही पैशांच्या वाटा बंद करण्याविषयी बोललो. पगार बायकोच्या खात्यात, खेळाच्या साइटवर स्वतःहून बंदी, मोठी रक्कम काढायची तर दोघांची सही. त्यांना ते चटकन पटलं. म्हणाले, "क्रेनला लिमिट स्विच असतो, तसं. हुक ठरलेल्या उंचीवर गेला की मोटर बंद. चालवणाऱ्याच्या हातावर सोडतच नाही आम्ही."

मी विचारलं, तो स्विच कुणी तोडून ठेवतं का.

"ठेवतात. घाईच्या वेळी वायर जोडून टाकतात." जरा वेळानं म्हणाले, "माझा दुसरा एक फोन आहे, मॅडम. तो तिला माहीत नाही."