घरी कोणती भाषा बोलता?

नोव्हेंबर 2023मध्ये आम्ही पुण्याहून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आलो. मुलगा साडेचार वर्षांचा होता. शाळेची चौकशी सुरू केली आणि ज्याला विचारावं तो सांगायचा, 'चार्टरला अर्ज टाकून ठेवा.' चार्टर म्हणजे सनद. अशी शाळा सरकारी पैशावर चालते, फी नसते, पण कारभार तिचं स्वतःचं मंडळ बघतं. दिलेल्या सनदीची मुदत संपली की काम तपासून नूतनीकरण होतं. असा कायदा अमेरिकेत सगळ्यात आधी 1991मध्ये मिनेसोटानं केला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियानं.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. सोडत म्हटल्यावर मला आरटीईचीच आठवण झाली. चार्टरमध्ये आधीच शिकणाऱ्या मुलांच्या भावंडांना आधी घेतात, आमचं तसं काहीच नव्हतं. प्रतीक्षा यादीत आमचा नंबर लागला 43. आशा सोडून घराजवळच्या शाळेत नाव घातलं. ऑगस्टमध्ये, शाळा उघडायला आठवडा राहिला असताना, फोन आला की जागा आहे, उद्या कागद घेऊन या.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ लसींनी खाल्ला, म्हणून भारतातून येणाऱ्यांसाठी हे सविस्तर सांगते. आमचं लसीकरणाचं कार्ड तारखांनी गच्च भरलेलं होतं, मी निर्धास्त होते. नर्सनं एकेक ओळ बोटानं खाली नेत वाचली. पोलिओचे थेंब धरता येणार नाहीत म्हणाली. 1 एप्रिल 2016 किंवा त्यानंतर तोंडानं दिलेले डोस इथं मोजतच नाहीत, इंजेक्शनचे तेवढे मोजतात. नवव्या महिन्यातला एमएमआरही (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) गेला, कारण तो पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतरच दिलेला असावा लागतो. शिवाय आमच्या सँटा क्लारा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, शाळाप्रवेशाला क्षयरोगाची चौकशी असते. मूल भारतात जन्मलेलं म्हणून आम्हाला तपासणी सांगितली. बीसीजी ही क्षयरोगाची लस घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह दिसू शकते, म्हणून डॉक्टरांकडे रक्ताची चाचणी आवर्जून मागा. दोन इंजेक्शनं आणि एक रक्ताची नळी, एवढ्यावर निभावलं. व्हिसाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. देशात कोणत्या कागदावर राहता यावरून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1982मध्येच ठरवलंय.

मग हातात आला घरच्या भाषेचा फॉर्म. मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत? घरी ते जास्त कोणती भाषा बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता? घरातली मोठी माणसं कोणती बोलतात? आदल्या रात्रीच ओळखीच्या एका ताईंनी बजावलं होतं, "अगं, सगळीकडे इंग्लिशच लिही. मराठी लिहिलंस की त्याची परीक्षा घेतील आणि इंग्लिश लर्नरचा शिक्का बसेल. इथं सगळे असंच करतात." ताईंची काळजी खरी होती. त्यांनी मला इथं पहिल्या दिवसापासून सांभाळून घेतलंय.

ऑफिसच्या भिंतीवर शाळेची मूल्यं लिहिलेली होती: आदर, सचोटी, चिकाटी, आपुलकी. शेजारच्या खुर्चीवर मुलगा पाय हलवत विचारत होता, "आई, काय लिहितेस?" मी त्याला मराठीतच उत्तर दिलं. त्याच्यासमोर बसून त्याच्याच भाषेबद्दल खोटं लिहायला माझा हात धजेना. चारही ठिकाणी मी मराठी लिहिलं.

मुलाला इंग्रजी किती येतं ते बघणाऱ्या या परीक्षेचं नाव एल्पॅक. नाव दाखल झाल्यापासून 30 दिवसांत ती घेतात, बालवर्गातल्या मुलांची एकेकट्याची. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "मला काइट आठवलंच नाही. मी पतंग म्हणालो. मग बाईपण पतंग म्हणाल्या." निकालाचं पत्र आलं: इंग्लिश लर्नर, म्हणजे अजून इंग्रजी शिकणारं मूल, मधली पातळी. शिक्का बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या पालकांसाठीच्या खोलीत गेले. तिथल्या बाई स्वतः मेक्सिकोतून आलेल्या. त्यांनी पत्र टेबलावर पसरून समजावलं. यामुळे रोज इंग्रजीसाठी वेगळा वेळ द्यायला शाळा बांधील आहे. दर वसंतात पुन्हा परीक्षा होते. परीक्षेचे गुण, वर्गशिक्षिकेचं मत, पालकांशी बोलणं आणि इंग्रजीतल्या मूलभूत कौशल्यांची तयारी, या चार गोष्टी जमल्या की मूल यातून बाहेर पडतं. ज्या शिक्क्याला मी घाबरत होते, ती हवी असलेली मदतच होती, हे तेव्हा कळलं.

त्या खोलीबद्दल कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कोट आणि वापरलेले पण धुऊन इस्त्री केलेले गणवेश, कमी खर्चाच्या दवाखान्यांची यादी, शुक्रवारी धान्याच्या पिशव्या. नाश्ता आणि जेवण तर 2022-23पासून कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांत सगळ्याच मुलांना फुकट आहे, शाकाहारी आहे का ते विचारून घ्यायचं. गणवेश घ्यायला मला संकोच वाटत होता. एका पगारात आणि इथल्या भाड्यात आमचं जेमतेम भागत होतं, तरीही. बाई काही बोलल्या नाहीत. एक निळा शर्ट उचलून त्यांनी मुलाच्या खांद्याला लावून पाहिला, हलक्या हातानं बाही ओढली आणि म्हणाल्या, "एक साइज मोठा घेऊ, वर्षभर पुरेल."

घरी रोज 20 मिनिटं वाचायचं आणि पुस्तकाचं नाव तक्त्यावर लिहायचं, असा वर्गाचा नियम. पहिल्या पालकसभेत मी वर्गशिक्षिकेला भीतभीत विचारलं, मराठी पुस्तक चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल काय, वाचाच. गोष्ट कळणारं मूल दुसऱ्या भाषेतही गोष्ट शोधतं. तेव्हापासून तक्ता मी देवनागरीत भरते. ऑक्टोबरचं पान परत आलं तेव्हा 'ससा आणि कासव'च्या खाली पेन्सिलीनं कुणीतरी 'ससा' पुन्हा लिहिलं होतं. अक्षरं थरथरती, स चा पोटातला गोल जरा मोठा झालेला. मुलगा म्हणाला, बाईंनी माझ्याकडून शिकून लिहिलंय. शिरोरेषा तेवढी राहिली होती. ती त्यानं घरी बसून, जीभ बाहेर काढून, पट्टीनं ओढली.