शेगडीला वारा

नवतपा सुरू होता. ज्यांचा मे महिना पुण्या-मुंबईत जातो त्यांच्यासाठी सांगतो: २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो आणि पुढचे नऊ दिवस नागपुरातला माणूस भरदुपारी बाहेर पडत नाही, पडावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून पडतो. घरात कूलर असतो, पण त्याची हवा बैठकीपुरती. स्वयंपाकघरापर्यंत पोचतो तो फक्त आवाज. अशात सिलिंडर संपला. नंबर लावला होता, गाडी यायला दोन दिवस होते. म्हणून सज्जावरची इंडक्शन शेगडी खाली उतरवली.

आईचं तिच्याशी आधीपासूनच पटत नाही. "जाळच दिसत नाही, तर किती पेटलं ते कळावं कसं?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

तिसऱ्या पोळीला शेगडी पीं-पीं करून थांबली. आकड्यांच्या जागी 'ई' आणि '५'. ज्या पिशवीत आमच्या घरी बंद पडलेल्या मिक्सरचीही वॉरंटी जपून ठेवलेली आहे, त्या पिशवीत हिची पुस्तिका सापडली. ई-५ म्हणजे अतिउष्णता, थंड होऊ द्यावे. (हे आकडे कंपनीगणिक बदलतात. एकीचा पाच म्हणजे ताप, तर दुसरीचा पाच म्हणजे भलतंच काही. शेजाऱ्याच्या पुस्तिकेवर भरवसा ठेवू नये.)

पहिला संशय तव्यावर. या शेगडीची काच मुळात स्वतःहून तापत नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातल्या विजेची दिशा सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा पालटते, आणि त्या चुंबकी उलथापालथीनं तव्याच्या लोखंडातच प्रवाह भोवंडायला लागतो. म्हणजे तापतो तो तवा. फॅरेडेनं १८३१ मध्ये हे तत्त्व शोधलं तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे पोळ्या नसणार. तापलेला तवा मग काचेला तापवतो, आणि वेटोळ्याच्या मधोमध, काचेच्या पोटाला चिकटून बसलेला मटाराएवढा थर्मिस्टर ते ओळखतो. दोन पोळ्यांच्या मध्ये रिकामा तवा २००० वॉटवर चढलेला राहिला, की त्यानं बोंब मारायचीच असते. तो त्याचा धर्म.

म्हणून तवा उतरवला, शेगडी निवू दिली आणि दूध ठेवलं. दूध शंभर अंशांच्या आसपास उकळतं; जोवर भांड्यात दूध आहे तोवर बूड काही तव्यासारखं पेटत नाही. तरीही सात-आठ मिनिटांत पीं-पीं. ई-५.

इथे मला स्वतःचं जरा कौतुक वाटलं. दुधानंही ती तापत असेल, तर ताप वरचा नाही, आतला आहे. विजेची उघडझाप करणारा जो भाग असतो, त्याला आयजीबीटी म्हणतात, तो काम करताना सडकून तापतो. त्याला ॲल्युमिनियमचे पंख लावलेले असतात, आणि बुडाशी एक छोटा पंखा त्यांच्यावर हवा सोडत असतो. तिथेही उष्णता मोजणारा एक वेगळा पहारेकरी बसवलेला असतो. तोच ओरडत असणार. व्होल्टेज, सर्किट, आयजीबीटी... मी आईला सगळं समजावून सांगितलं.

ती कांदा चिरत होती. म्हणाली, "वारा लागून नाही राहिला त्याले."

मी हसलो. "आई, आत पंखा आहे त्याच्या."

"पंखा असून का होते? खिडकी लावून घेतली तर आपला पंखा तरी काय करते?"

दूध बाजूला ठेवून मी चालू पंख्यासकट शेगडी उचलली. तिच्याबरोबर वर्तमानपत्र उचललं गेलं. रविवारची पुरवणी, घडी उलगडलेली, बुडाच्या जाळीला जळवेसारखी चिकटलेली. पंख्यानं ओढून धरली होती. थोड्या वेळानं पंखा थांबला आणि कागद अलगद गळून ओट्यावर पडला. ग्रॅनाइटवर डाग नकोत म्हणून तो मीच अंथरला होता, आणि कोपरे मोठ्या काळजीनं चापून-चोपून बसवले होते.

आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

कागद काढल्यावर फरक पडला, पण अर्धा. पंधरा मिनिटं नीट चालली, मग पुन्हा तेच. जाळीतून टॉर्च मारून पाहिलं तर फोडणीची वाफ आणि कणकेचं पीठ मिळून पात्यांवर करड्या नमद्यासारखा थर बसलेला, त्यात रुतलेली मोहरी आणि झुरळाचा एक पाय. मी खोलायच्या भानगडीत पडलो नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असू शकते. दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं झाकण काढलं, ब्लोअर मारला, ब्रश फिरवला, पाती बोटानं फिरवून पाहिली. "पहिले पंखा पाहाचा भाऊ, मंग बाकीचं."

निघताना त्यानं विचारलं, "काम झालं का लगेच भिंतीवरचं बटण बंद करता न?"

करतो म्हणजे काय! आमच्या घरात रात्री झोपताना 'दार लावलं का'च्या आधी 'बटण बंद केलं का' विचारतात. पण शेगडी बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो तो आतली धग बाहेर काढायला. बटण बंद केलं की पंखा मेला, आणि धग आतच कोंडली. दुसरं भांडं चढेपर्यंत शेगडी अर्धी तापलेलीच. शिवाय तो पंखा ओढणार स्वयंपाकघराचीच हवा. ती मे महिन्यात चाळीसच्या वर असेल, तर पंख तिच्याहून थंड होणार कुठून?

आता शेगडी उघड्या ओट्यावर असते, भिंतीपासून वीतभर लांब. सिलिंडर आला, तरी संध्याकाळचं दूध तिच्यावरच तापतं. दूध उतरवून आई बटणापाशी उभी राहते, एक हात भिंतीवर, कान शेगडीकडे. पंख्याची घरघर बारीक होत होत थांबते.

"निजलं," ती म्हणते, आणि बटण बंद करते.