निर्देशांकातले घर आणि आमचे घर

सरकारी महागाई दर खोटा असतो असे मी म्हणणार नाही. तो सरासरीचा असल्यामुळे कुणा एकाच्या घरचा नसतो, एवढेच. हा दर ज्यावरून काढतात त्या, २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेयांचा भार (एकूण खर्चातला वाटा) ४५.८६ टक्के, तर शिक्षणाचा जेमतेम साडेचार टक्के होता. हे प्रमाण २०११-१२ च्या कुटुंबखर्च पाहणीवरून ठरले होते आणि ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला जागाच नव्हती. आता बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले असे कुटुंब पाहावे, ज्याला भात शेतातलाच मिळतो, पण ज्याची मुले शिकण्यासाठी बेळगाव शहरातल्या टिळकवाडीत खोली घेऊन राहतात. खोलीभाडे, मेस आणि क्लासची फी या तीन रकमा भागवताना त्यांना भाजी स्वस्त झाल्याचे समाधान कितीसे मिळणार?

शिवाय महागाई दर घसरला म्हणजे किंमत घसरली असे नव्हे. वाढीचा वेग मंदावतो, पण वाढलेले तसेच राहते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवल्यानंतर आमच्या किराण्याच्या यादीत सूर्यफूल तेलापुढचा आकडा चढला, आणि पुढे महागाई दर कितीही खाली आल्याचे जाहीर झाले तरी रविवार पेठेतले बिल काही जुन्या रकमेवर आले नाही.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना राज्यात साध्या बसचा प्रवास मोफत आहे, ही बचत खरीच; मात्र ज्यांचे माहेर आणि दवाखाना कोल्हापुरात, त्यांना तिकीट काढावेच लागते.