सिंगल सोर्स म्हणे! मग ओलेइलअमाइनचं काय?

क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे स्फटिक, बनवायचे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर हॉट इंजेक्शनच येतं, म्हणजे तापलेल्या द्रवात कच्चा माल एकदम टोचणं. १९९३ मध्ये मरे, नॉरिस आणि बावेंडींनी दाखवलेली पद्धत: एकीकडे डायमिथाइल कॅडमियम, दुसरीकडे ट्रायऑक्टाइलफॉस्फिनमध्ये विरघळवलेलं सेलेनियम, आणि दोन्ही एकदम ३०० अंशांच्या आसपास तापलेल्या टॉपोमध्ये (ट्रायऑक्टाइलफॉस्फिन ऑक्साइड, इथला सॉल्व्हंट). बावेंडींना २०२३ चं नोबेल मिळालं (ब्रुस आणि एकिमोव्ह यांच्यासोबत), त्यात या कामाचा मोठा वाटा. पण डायमिथाइल कॅडमियम हे प्रकरण भयानक आहे, विषारी तर आहेच, वर हवेशी संपर्क आला की पेट घेऊ शकतं. नंतर कॅडमियम ऑक्साइडवाले सोपे रस्ते निघाले ते सोडा, पण त्याआधीच १९९६ मध्ये त्रिनदादे आणि पॉल ओब्रायन यांनी वेगळाच विचार केला, की कॅडमियम आणि सेलेनियम दोन बाटल्यांतून कशाला आणायचं, आधीच एकमेकांना जोडलेले असतील असा एकच रेणू घेऊ आणि तो तापवून फोडू. हीच सिंगल सोर्स पद्धत.

मला हे आवडतं कारण सल्फाइडच्या बाबतीत तरी हा रेणू बनवणं अगदी साधं आहे. डायइथाइलअमाइन, कार्बन डायसल्फाइड आणि सोडियम हायड्रॉक्साइड, यातून डायथायोकार्बामेटचं सोडियम मीठ मिळतं, ते पाण्यात घेऊन कॅडमियम क्लोराइडचं द्रावण घातलं की लगेच साका बसतो. गाळा, धुवा, वाळवा. पांढरट पावडर, हवेत आरामात टिकते, ग्लव्हबॉक्सची भानगड नाही. गंमत म्हणजे या रेणूत एका कॅडमियममागे चार गंधक असतात आणि आपल्याला हवा असतो एकच, बाकीचे तीन कार्बन-नायट्रोजनच्या तुकड्यांबरोबर निघून जातात. टीजीए केलं (पावडर तापवत तिचं वजन कसं घटतं ते मोजलं) तर शेवटी साधारण ३५ टक्के वजन उरतं, आणि रेणूभाराचा हिशेब केला तर कॅडमियम सल्फाइड तेवढंच भरतं.

आता खरी गोष्ट. तो टीजीएचा ग्राफ बघून लोक ठरवतात की हा रेणू अडीचशे-तीनशेच्या पुढे फुटतो म्हणजे फ्लास्कही तेवढाच तापवायला पाहिजे. अहो, टीजीएमध्ये पावडर एकटी असते! फ्लास्कमध्ये ओलेइलअमाइन (लांब साखळीचं एक अमाइन) असतं, आणि ते नुसतं सॉल्व्हंट म्हणून गप्प बसत नाही. डायथायोकार्बामेटमधल्या दोन गंधकांच्या मधला जो कार्बन आहे त्याच्यावर हे प्रायमरी अमाइन हल्ला करतं, थायोयुरियासारखी संयुगं तयार होतात, गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात मोकळा होतो आणि धातूला भेटतो, आणि हे सगळं २०० च्या खालीच सुरू होऊ शकतं. ऑक्टाडेसीनसारख्या निष्क्रिय द्रवात तोच रेणू बराच जास्त ताप मागतो. म्हणजे सोर्स एकच, हे कागदावर ठीक, प्रत्यक्षात दुसरा रिएजंट सॉल्व्हंटच्या वेषात बसलेला असतो. म्हणूनच एखाद्या पेपरमधली कृती उचलून फक्त सॉल्व्हंट बदलला आणि वेगळ्याच आकाराचे कण मिळाले तर त्यात नवल काही नाही.

आकार का महत्त्वाचा ते थोडक्यात: मोठ्या स्फटिकात कॅडमियम सल्फाइडचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी मारायला लागणारी ऊर्जा) २.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे शोषणाची कड ५१० नॅनोमीटरच्या जवळ. कण काही नॅनोमीटरचे झाले की ती निळ्याकडे सरकते. सगळे कण एका मापाचे हवे असतील तर बीजं एकदम पडायला हवीत आणि नंतर नुसती वाढ व्हायला हवी. इथे सिंगल सोर्सचं दुखणं कळतं. दोन बाटल्या असल्या की कॅडमियम जास्त, गंधक कमी असा खेळ करता येतो, इथे प्रमाण रेणूतच कुलूपबंद! हातात उरतं तापमान, कॉन्सन्ट्रेशन, अमाइन, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रेणू बनवतानाच लिगँड (धातूला जोडलेला गंधकवाला भाग) कोणता निवडला ते.

लिगँडमध्ये माझा कल झँथेटकडे (डायथायोकार्बामेटसारखंच, फक्त नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन). इथाइल झँथेट बरंच कमी तापमानाला फुटतं, आणि त्यातून निघतं काय तर इथिलीन, कार्बोनिल सल्फाइड वगैरे, सगळे वायू, उडून जातात (फ्यूमहूड मात्र चालूच ठेवा, हे वायू विषारी आहेत). मागे कचरा कमी. त्यामुळे पॉलिमरच्या फिल्ममध्ये झँथेट मिसळून तिथल्या तिथे सल्फाइडचे कण उगवता येतात, पॉलिमर न जाळता. डायथायोकार्बामेटला हे एवढ्या सहज जमत नाही.

सेलेनियमचं मात्र अवघड. डायसेलेनोकार्बामेट बनवायला कार्बन डायसेलेनाइड लागतं, आणि त्याचा वास आणि विषारीपणा असा की विषय तिथेच संपतो. म्हणून काही ग्रुप फॉस्फरस-सेलेनियमवाल्या लिगँडकडे वळले, पण मग तयार कणांत फॉस्फरस शिल्लक राहिलाय का ते वेगळं तपासत बसावं लागतं.