पिवळं सांडलेलं काय आहे?

"आत्या, या चित्रावर मधेच पिवळं काय सांडलंय?" भाचीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लॅपटॉपच तिरका केला, मान वाकडी करून बघत बसली. मग म्हणाली, "अगं ही तर स्लीपिंग ब्यूटी!"

चित्र केरी जेम्स मार्शल या अमेरिकन चित्रकाराचं, 2012 चं, अमेरिकेतल्या काळ्या बायकांचं ब्यूटी पार्लर. चांगलं 13 फूट लांब, त्यात कुणाचा फुललेला आफ्रो, कुणाचे रचून बसवलेले केस, सगळ्या अशा मस्त ऐटीत आहेत की बास, आणि कातडीचा रंग म्हणाल तर खराखुरा काळा, जराही उजळवलेला नाही. शतकानुशतकं युरोपातल्या चित्रांत काळी माणसं बहुतेक कोपऱ्यात ट्रे घेऊन उभी असायची, इथे अख्खा कॅनव्हास त्यांचा.

आणि त्यात हे स्लीपिंग ब्यूटीचं, डिस्नेच्या गोऱ्या राजकन्येचं, सोनेरी केसांचं डोकं, समोरून बघितलं तर नुसता ताणलेला डाग, बाजूने बघितलं तरच चेहरा. होल्बाइन या जर्मन चित्रकाराने 1533 च्या चित्रात कवटी अशीच लपवली होती, ही आयडिया तिथली. पार्लरमधल्या मोठ्या बायकांना त्याचं काही पडलेलं नाही. वाकून बघतंय ते फक्त एक छोटं पोर.

मी तिथेच अडकले. मोठ्यांनी आपले केस थाटात मिरवले तरी ती सोनेरी बाई पोरांना कुठून दिसतेच.

भाचीचे केस कुरळे, दाट. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, स्ट्रेटनिंगची अपॉइंटमेंट घेऊन झालीये. तिला कुणी विचारलं होतं का, हे मी वहिनीला विचारू की नको?