खत कुठलं घालता?

आमच्या फाटकाशी थांबून लोक हमखास विचारतात, "कॉसमॉसला एवढी फुलं कशी येतात हो? खत कुठलं घालता?" मी म्हणते, काहीच नाही. त्यांना वाटतं, ही हातचं राखून सांगतेय. म्हणून एकदा नीटच सांगते.

पहिल्या वर्षी मीही घातलं होतं. शेणखत, वरून गांडूळखत, शिवाय पंधरा दिवसांनी शेंगदाणा पेंडीचं पाणी. रोपं माझ्या खांद्याला लागली. शेपूसारखी झिरझिरीत हिरवीगार पानं, बघत राहावं अशी. पण कळीचा पत्ता नाही. मग एका रात्रीच्या पावसात सगळी आडवी. नत्र जास्त झालं की हे झाड पानंच काढत बसतं, हे तेव्हा कळलं.

आता वाफ्यात मुरमाड माती आहे आणि दिवसभर ऊन. बी सप्टेंबरात टाकते, आठवड्याभरात उगवतं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. खुडताना जीव खालीवर होतो, पण खुडायचाच. गुलाबी-पांढऱ्या कॉसमॉसला दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरायची घाई होते. जूनमध्ये टाकलेलं नुसतं उंच होतं आणि फुलायला तरी वेळ लावतंच.

फूल जवळून बघा. बाहेर आठ पाकळ्या, बहुतेक वेळा बरोब्बर आठ. त्या नुसत्या दिखाऊ, त्यांना बी धरत नाही. बी धरतं मधल्या पिवळ्या गोंड्यात, कारण तो गोंडा म्हणजे इवल्या इवल्या नळीसारख्या फुलांचा गुच्छ असतो. माद्रिदच्या काव्हानिल्यस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ साली या मेक्सिकोच्या झाडाला कॉसमॉस नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दात सुव्यवस्थाही आहे आणि साजशृंगारही. आठ पाकळ्या मोजल्या की पटतं.

यापुढचा प्रश्न ठरलेला: "केशरी कॉसमॉसचं बी द्याल का?" नाही देत. राग येतो लोकांना. केशरी-पिवळ्या जातीला तर वाफाही लागत नाही. पावसाळा सरता सरता पुण्याच्या आसपास टेकड्यांवर, रस्त्याकडेला जे केशरी ताटवे दिसतात आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, त्यांतले पुष्कळसे हेच. रानफूल नव्हे ते, बागांमधून निसटलेलं आहे. जिथे माजतं तिथे गवताला, तेरड्याला, सोनकीला जागा उरत नाही. बी काळं, सुईसारखं, टोकाला चोच. पायजम्याला चिकटून कुठेही जातं. माझ्या वाफ्यात ज्या काटकपणाचं मी कौतुक करते, तोच टेकडीवर नडतो.

गुलाबीचं बी मात्र हवं तेवढं न्या. तेही सुकलेली बोंडं वेळेवर खुडणार असाल तर.

मी केशरी लावणं बंद करून चार वर्षं झाली. तरी यंदाच्या जूनमध्ये फरशीच्या फटीतून तेवीस रोपं निघाली. गुलाबीचं पान दोऱ्यासारखं आणि याचं जरा रुंद, झेंडूच्या वळणाचं, त्यामुळे लहानपणीच ओळखू येतं. बावीस उपटली. तेविसावं पाण्याच्या टाकीमागे होतं, ते थेट फुलल्यावरच दिसलं.