अंबाझरीचा तो वटवट्या, आणि चार हजाराच्या वरचं गायब झालेलं सगळं

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बाभळीवरचा तो पर्णवटवट्या, म्हणजे पानांत वावरणारा इवला पक्षी, नेमका कोणत्या जातीचा याचा निकाल १ जानेवारीच्या फेरीत लावतोच. निकाल लागला. पण त्याच्या आधी जे कळलं त्याने दोन रात्री झोप उडवली. नोव्हेंबरपासूनची माझी सगळी रेकॉर्डिंग, म्हणजे ३७ फायली, वरून कापलेल्या आहेत, ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज त्यांत नाहीच. एकही शाबूत नाही.

वर्षाची पहिली फेरी नेहमीप्रमाणे नागपूरच्या अंबाझरी जैवविविधता उद्यानात. यंदा भाची सोबत होती, अकरावीत आहे, थंडीची तक्रार न करता आली. आत शिरलो तेव्हा गवत दवाने इतकं भिजलेलं की पन्नास पावलांत बूट ओले. वर्षाचा पहिला पक्षी थिरथिरा! कुंपणाच्या तारेवर बसून शेपूट थरथरवत होता, छातीखाली तो गंजलेला तांबडा रंग. पहिली नोंद कोणाची होणार याची मी दरवर्षी लहान मुलासारखी वाट बघतो आणि थिरथिरा मिळाला की वर्षभर पुरेल इतकं बरं वाटतं. तलावाच्या बाजूला तलवार बदकं, थापट्या, हळदी-कुंकू. आकडे चेकलिस्टमध्ये टाकले आहेत, इथे पुन्हा लिहीत नाही.

आता बाभळीकडे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: ग्रीनिश आणि ह्यूम्स या पर्णवटवट्यांच्या दोन जाती, आणि आपला यांतला कोणता, हा प्रश्न आहे. हिवाळ्यात दोघंही आपल्याकडे उतरतात, दोघंही चिमणीपेक्षा लहान, दोघंही हिरवट, आणि दोघंही शेंड्याच्या पानांत अशी धावपळ करतात की दुर्बिणीत एका वेळी दोन सेकंदांच्या वर राहत नाहीत. पुस्तकात फरक सोपा दिसतो. ह्यूम्सच्या पंखावर दोन पट्टे, ग्रीनिशच्या पंखावर एक बारीक. ह्यूम्सच्या टर्शियल, म्हणजे पंखाच्या अंगाकडच्या पिसांना फिकट कडा, ग्रीनिशची साधी. प्रत्यक्षात ह्यूम्सचा वरचा पट्टा अंधूक असतो आणि ग्रीनिशचा एकुलता पट्टा हिवाळ्यात झिजून जवळजवळ दिसेनासा होतो. त्यात आपला हा गडी नेहमी उन्हाच्या विरुद्ध बाजूला. म्हणून तर मी आवाजाच्या मागे लागलो होतो. ग्रीनिशचा कॉल, म्हणजे आखूड हाक, दोन तुकड्यांचा, ‘चि-स्वी’ असा टोकदार. ह्यूम्सचाही दोन अवयवांचा वाटतो, पण तो शेवटी खाली ओघळतो, ‘वी-झू’ असा. कानाला मला दोन्ही पटत होते, दिवसानुसार.

१ तारखेला साडेसातच्या सुमारास तो बोलायला लागला. मी माझ्या फोनवरचा नेहमीचा रेकॉर्डर सुरू केला, भाचीने तिच्या फोनवर मर्लिन, आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप. माझं मर्लिनबद्दलचं मत तुम्हाला माहीत आहे. ते नाव सुचवतं, मग कान तेच ऐकायला लागतो, म्हणून मी ते टाळत आलो. त्या दिवशी त्याने आधी ह्यूम्स दाखवलं, मिनिटभराने ग्रीनिश. भाची म्हणाली, “मामा, यालाही कळत नाहीये.” पहारेकरी भाऊ मागे येऊन उभे राहिले, “काय शोधून राहिले भाऊ, प्रत्येक वेळी याच झाडापाशी?” मी त्यांना कॉल ऐकवला. पाच मिनिटं तेही मान वर करून उभे राहिले.

घरी येऊन दोघांच्या फायली ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या आणि स्पेक्ट्रोग्राम लावला, म्हणजे आवाजाचं चित्र, ज्यात उंच स्वर वर दिसतात. माझ्या फायलीत खाली रहदारीचा दाट थर, मध्ये थोड्या पुसट रेघा, आणि ४,००० हर्ट्झच्या वर कोरा काळा पडदा. भाचीच्या फायलीत त्याच क्षणाला त्याच पक्ष्याच्या रेघा पार वरपर्यंत चढलेल्या. एकच झाड, एकच मिनिट, दोघांत हातभर अंतर!

आधी मला माइक गेल्याची शंका आली. बर्डीच्या बाजारातून घेतलेला, फोनला जोडलेला कॉलर माइक काढला, पुन्हा लावला, घरातल्या किल्ल्या वाजवून तपासलं. पडदा तिथेच. (त्या माइकबद्दलही एकदा सांगून टाकतो. दुकानदाराने ‘प्रोफेशनल’ म्हणून दिला, तो माणसाच्या बोलण्यासाठी ठीक आहे, पाच पावलांवरच्या पक्ष्यासाठी नाही. परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. तुम्ही घेऊ नका.) मग मोड बदलले, फोन रीस्टार्ट केला, जुन्या फायली एकामागून एक उघडल्या. सगळ्यांत चार हजारावर तीच सरळ रेघ, सुरीने कापल्यासारखी.

रात्री अकराला फायलीच्या नावाकडे लक्ष गेलं. शेवटी ‘एएमआर’. हा फॉरमॅट फोनवरच्या संभाषणासाठी बनवलेला आहे. सेकंदाला ८,००० नमुने घेतो, आणि ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज मावतच नाही, कारण प्रत्येक कंपनाला किमान दोन नमुने लागतात. माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं. पर्णवटवट्यांच्या कॉलचा मोठा भाग त्या रेषेच्या वर असतो. म्हणजे दोन महिने मी ज्याच्यावर डोकं फोडत होतो तो निम्मा कॉल होता, आणि निम्म्यात दोघंही सारखेच दिसतात.

मर्लिन मात्र पूर्ण वेव्ह फाईल ठेवतं, आवाज न कापता. त्याने सुचवलेल्या नावावर माझा अजून विश्वास नाही, पण ती फाईल सोन्यासारखी आहे आणि हे मी आधी तपासायला हवं होतं.

पुढचं काम मग एका तासाचं. हजार हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने काढलं, हिंगणा रोड गायब झाला. उरलेल्या कॉलच्या शेजारी झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरचे दोन्ही जातींचे नमुने लावले. आपल्या बाभळीचा कॉल दोन आखूड, तुटक रेघांचा, दुसरी वर उचललेली. ओघळ कुठेच नाही. ग्रीनिश! ३ तारखेला ऑफिसच्या आधी पुन्हा गेलो तेव्हा तो नेमका शेजारच्या बोरीवर खाली उतरला आणि पाठीवर ऊन पडलं. टर्शियल साधी, पंखावर नखाएवढा एक पट्टा. तेवढ्यात दुसरा वटवट्या जवळ आला, तर याने त्याला बाभळीपासून हाकलत थेट पाणवठ्यापर्यंत नेलं. ग्रीनिश हिवाळ्यातही आपापली हद्द राखतात आणि कॉल हा त्यांचा पहारा असतो. नोव्हेंबरपासून तो एकाच झाडावर का सापडतो, याचं उत्तर तिथे समोर उडत होतं. त्या सकाळचे तर्री पोहे मी फार सावकाश खाल्ले.

ज्यांचे रेकॉर्डर जुने आहेत त्यांनी आजच सेटिंग उघडून बघा. फॉरमॅट वेव्ह, सेकंदाला नमुने ४४,१०० किंवा ४८,०००. आणि मला फाईल पाठवताना व्हॉइस नोट म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वाऱ्यासाठी मी जुन्या लोकरी हातमोज्याचं बोट कापून माइकवर चढवलं आहे, विकतच्या टोपीइतकंच काम करतं.

या नोंदीचा शेवट ‘आता जानेवारीभर गोरेवाडा’ असा करणार होतो. तिथल्या सागाच्या रानात ह्यूम्स शोधायचे, म्हणजे दोन्हींची स्वतःची तुलना तयार होईल. पण आत्ता लिहिताना भाचीची फाईल मागे पुन्हा वाजवली आणि ४ मिनिटं १२ सेकंदांवर एक वेगळा कॉल आहे. आखूड, एकच ठोका, ‘क्विप्’ असा. तेव्हा आम्ही बाभळीपासून निघून काळ्या खडकांच्या बाजूला आलो होतो. शहराच्या पश्चिमेचा हा सगळा बेसॉल्ट, त्यात वाळकी झुडपं. खडकांवर आणि बुंध्यांवर सरपटत चढणारा, पंखावर एकही पट्टा नसलेला, पोटाला पिवळा असा एक पर्णवटवट्या आहे, सल्फर-बेलिड. माझ्या यादीत तो अजून नाही. फाईल तीन वेळा ऐकली, दर वेळी हात गार पडले.

तर गोरेवाडा पुढे ढकलला. येत्या रविवारी पुन्हा अंबाझरी, बाभळीला वळसा घालून थेट खडकांकडे, आणि तिथे काही नाही दिसलं तर त्याच सकाळी सेमिनरी हिल्सचा उतार, तिथलाही दगड तोच आहे. भाचीला विचारलं, फोन देशील का. ती म्हणाली फोन नाही देणार, पण मी येते.